प्रेअरीचें होकायंत्री फूल

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं 'प्रेअरी' नांवाचीं विस्तीर्ण गवताळ मैदानें आहेत, हें आपण शाळेंतील भूगोलांत वाचलें असेल. तेथें गहूं आणि मका पिकतो एवढें सांगून पाठ्यपुस्तक थांबतें. पिकें येण्यापूर्वीं तेथें काय होतें, तें एका रानफुलाच्या निमित्तानें आज सांगावयाचें आहे.

या झाडास तिकडे 'कंपास प्लँट' म्हणतात. आपण होकायंत्री म्हणूं. सूर्यफुलाच्या कुळांतील हें झाड पुरुषभर किंवा त्याहूनही उंच वाढतें. जुलैंत त्यास पिवळीं फुलें येतात. बुंध्यापाशीं असलेलीं खोल कातरलेलीं मोठीं पानें मात्र आडवीं न पसरतां उभीं राहतात, आणि बहुतेकांच्या कडा उत्तर-दक्षिण रोखलेल्या असतात.

ही कांहीं जादू नव्हे. कोवळें पान कोणत्याही दिशेस निघतें व पुढें दोन-तीन आठवड्यांत पीळ घेऊन वळतें. अशा पानाच्या दोन्ही अंगांस सकाळ-संध्याकाळचें सौम्य ऊन मिळतें. माध्यान्हीचे प्रखर किरण केवळ कडेवर पडतात. त्यामुळें थोड्या पाण्यांत अधिक अन्न तयार होतें. काटकसरीचा याहून चांगला धडा वर्गांत शिकवितां येणार नाहीं.

या झाडाचा खरा संसार जमिनीखालीं आहे. त्याचें मूळ 15 फुटांपर्यंत खोल जातें. वणवा लागो वा बायसनचे कळप चरून जावोत, तें पुन्हां फुटतें. पहिलें फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात. पण एकदां रुजलेलें झाड शंभर वर्षेंही जगूं शकतें.

असें चिवट झाड हरलें तें नांगरापुढें. 1837 सालीं इलिनॉय प्रांतांत जॉन डियर नांवाच्या लोहारानें पोलादी नांगर घडविला. तेथील चिकट काळी माती त्यास चिकटेना, आणि प्रेअरी भराभर शेतांखालीं गेली. त्या प्रांतांत पूर्वीं सुमारें 2 कोटी 20 लक्ष एकर प्रेअरी होती. आज तिचा हजारावा हिस्साही चांगल्या स्थितींत उरलेला नाहीं. जुन्या स्मशानभूमी आणि आगगाडीच्या रुळांकडेच्या पट्ट्या, एवढाच तिचा आसरा.

आल्डो लिओपोल्ड या निसर्गाभ्यासकाच्या 1949 सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत विस्कॉन्सिनमधील अशा एका स्मशानभूमीची हकीकत आहे. तिच्या कोपऱ्यांत होकायंत्री दरवर्षीं फुले. एके वर्षीं रस्त्याच्या कामगारांनीं कुंपण काढून ती छाटून टाकली. त्या वाटेनें मोटारी नित्य जात. पण फुलाची ओळखच नसल्यामुळें हळहळणारेंही कोणी नव्हतें.

तथापि गोष्ट येथेंच संपत नाहीं. लिओपोल्ड ज्या विद्यापीठांत शिकवीत, त्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या उद्यानांत 1935 च्या सुमारास जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी पुन्हां लावण्यास आरंभ झाला. ती आजही उभी आहे.

आपल्या पुणें-सोलापुराकडील माळरानांसही आपण सहज 'पडीक' म्हणतों. तेथेंही गवताबरोबर फुलें आहेत, माळढोकासारखा दुर्मिळ पक्षी त्या माळांचाच. पुढील श्रावणांत माळावरून जातांना एका तरी फुलाचें नांव गुराख्यास विचारा आणि घरच्या मुलास सांगा. ज्यास नांव आहे, त्यास पडीक म्हणतांना जीभ अडखळते.