शेअर बाजाराची भाकिते आणि घरची पुंजी

(बेलापूर, जि. अहिल्यानगर येथे व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



भावाचा अंदाज बांधणे हा प्रवराकाठच्या माणसाला परका विषय नव्हे. उन्हाळी कांदा निघाला की आज विकावा की चाळीत भरावा, हा प्रश्न घरोघरी पडतो. परंतु कांदा सडतो, म्हणून शेतकऱ्याला निर्णय फार लांबवता येत नाही. समभाग सडत नाही. गुंतवणूकदार 'योग्य वेळे'ची वाट पाहत राहतो आणि ती वेळ सांगणाऱ्यांचे दुकान चालते.

या मंडळींची निदर्शके खोटी असतात, असे मी म्हणणार नाही. दोनशे दिवसांच्या सरासरीचेच पाहा. भाव या सरासरीच्या वर गेला की घ्या, खाली आला की विका, असा साधा नियम. मात्र सरासरी ही होऊन गेलेल्या भावांची असते! २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंशांनी कोसळून २५,९८१ वर आला. नियम पाळणाऱ्याला पुन्हा खरेदीची खूण मिळेपर्यंत जुलै उजाडला होता आणि निर्देशांक ३७ हजारांच्या आसपास पोहोचला होता. चाळीस टक्क्यांहून अधिक वाढ तोवर हातची गेली होती. सरासरीने दीर्घ मंदीत काहींना वाचवलेही असेल. पण येणारी मंदी दीर्घ की अल्प, हे ती आधी सांगत नाही.

किंमत-उत्पन्न गुणोत्तर तुलनेने प्रामाणिक. कंपनीच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी आपण किती रुपये मोजतो, एवढेच ते सांगते. बाजार महाग आहे हे त्यावरून कळते. तो कधी उतरेल, हे कळत नाही. महाग बाजार वर्षानुवर्षे महाग राहू शकतो.

आणि बातमीवरून वेळ साधू पाहणाऱ्यांचे काय? मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर ३ जून २०२४ रोजी सेन्सेक्स २,५०७ अंशांनी उसळला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत तो सुमारे ४,३९० अंशांनी आपटला. ७ जूनला तो पुन्हा ३ जूनच्या पातळीच्या वर होता. ज्याने काहीच केले नाही, त्याचे काहीच बिघडले नाही. ४ तारखेला घाबरून विकणाऱ्याचा तोटा मात्र कायमचा झाला.

खरी चिंता वायदे आणि ऑप्शन्सची आहे. तिथे मुदत असते. अंदाज बरोबर असून चार दिवस उशिरा खरा ठरला, तरी पैसे जातात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मागील तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक! नफा गेला तो मुख्यतः संगणकप्रणालींनी व्यवहार करणाऱ्या बड्या संस्थांकडे. मोबाईलवर आलेखाच्या रेषा ओढणाऱ्या आपल्या मुलाची गाठ त्यांच्याशी आहे, हे त्याला घरात कोणीतरी सांगायला हवे.

दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या पद्धतीतही तोटा होऊ शकतो. ती फक्त वेळ हेरण्याचा भार आपल्यावरून काढते. दोन-तीन वर्षांत लागणारे शिक्षणाचे वा लग्नाचे पैसे त्या मार्गाला लावूच नयेत. आणि कोणी सल्ला देण्यास पुढे आलाच, तर आधी त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा. तो सेबीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पडताळता येतो.