सेरामपूरचें एकत्र कुटुंब



आमच्या पारोळ्याच्या घरांत एक जुनें कपाट होतें. त्यांत मोडी अक्षरांत लिहिलेल्या खातेवह्यांचे रुमाल बांधून ठेवलेले असत. चार भाऊ, त्यांचीं बायकामुलें, एक चूल आणि एक तिजोरी, असा तो संसार होता. पेठेंतल्या दुकानांत येणारा प्रत्येक पैसा त्या वहींत चढे, आणि घरांतल्या प्रत्येक लुगड्याचा व धोतराचा खर्चही त्याच वहींत पडे. पुढें वांटणी झाली. तिचीं कारणें जो तो निरनिराळीं सांगे. मला मात्र आतां असें वाटतें कीं, पैसा कमी पडला म्हणून तें घर मोडलें नाहीं. मनांत सांठलेलें बोलून टाकण्याची ठरलेली अशी कोणतीही वेळ त्या घरांत नव्हती, म्हणून तें मोडलें.

ही घरगुती गोष्ट आपणांस प्रथम सांगण्याचें कारण असें कीं, आज ज्या ख्रिस्ती मंडळीची हकीकत मी सांगणार आहें, त्या मंडळीनेंही अशीच एक चूल व एक तिजोरी मांडली होती. आणि तीं माणसें तर एका रक्ताचींही नव्हतीं. हें ठिकाण सेरामपूर. आपल्या नगर जिल्ह्यांतलें श्रीरामपूर नव्हे; बंगाल्यांत, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, कलकत्त्याच्या वरच्या अंगास असलेलें. तेथील मंडळी बॅप्टिस्ट पंथाची होती. खानदेशांत हें नांव फारसें कानीं पडत नाहीं, म्हणून त्या पंथाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणें या पंथास मान्य नाहीं. कळत्या वयांत जो स्वतःच्या तोंडानें आपला विश्वास सांगेल, त्यासच पाण्यांत पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यावयाचा. दुसरी गोष्ट कारभाराची. गांवच्या मंडळीवर हुकूम चालविणारा बिशप येथें नसतो. सभासदच आपला पाळक निवडतात, आणि त्याच्या हाताखालीं व्यवहार पाहणारे डीकनही तेच निवडतात. एप्रिल 1800 मध्यें सेरामपुरास अशी मंडळी रीतसर स्थापन झाली, तेव्हां विल्यम केरी यांस पाळक निवडण्यांत आलें, आणि जोशुआ मार्शमन व जॉन फाउंटन हे डीकन झाले.

हीं माणसें कोण होतीं? केरी हे इंग्लंडांत जोडे शिवीत असत. मार्शमन एका विणकराचे पुत्र, शाळामास्तर. विल्यम वॉर्ड हे मुद्रक. त्यांनीं वर्तमानपत्राचें संपादनही केलेलें होतें. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखांत मिशनरी नको होते, म्हणून नव्यानें आलेल्या मंडळींनीं सेरामपूर गांठलें. कारण तें गांव त्या काळीं डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यांत होतें. 1793 पासून बंगाल्यांत राहून निळीच्या कारखान्यावर काम करणारे केरी 10 जानेवारी 1800 रोजीं त्यांना येऊन मिळाले.

पहिल्या कांहीं दिवसांतच घराचे नियम ठरले. जेवण सर्वांचें एकत्र. घरकारभार एकेकानें एकेक महिना पाहावयाचा. उपदेश व प्रार्थना पाळीपाळीनें. केरी हे खजिनदार, आणि औषधांची पेटीही त्यांच्याचकडे. फाउंटन यांच्याकडे ग्रंथसंग्रह. स्वतःच्या लाभासाठीं कोणींही व्यापार करावयाचा नाहीं. जें मिळेल तें सामाईक तिजोरींत. शेवटीं शनिवारचा नियम. दर शनिवारीं सायंकाळीं सर्वांनीं एकत्र बसावयाचें, आठवड्यांत एकमेकांविषयीं जें कांहीं मनांत आलें असेल तें बोलून मिटवावयाचें, आणि परस्परांच्या प्रेमाची पुन्हां ग्वाही द्यावयाची. हा नियम मीं प्रथम वाचला तेव्हां पारोळ्याचें कपाट माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

कोणी म्हणेल, प्रेमाची ग्वाही घड्याळ लावून द्यावयाची, हें कांहीं खरें नव्हे. मलाही तसें वाटे. परंतु त्या घराची स्थिति पाहावी. 1799 च्या ऑक्टोबरपासून दोन वर्षांच्या आंत ग्रँट, फाउंटन, ब्रन्सडन आणि टॉमस हे चौघे मरण पावले. केरींच्या पत्नी डॉरोथी यांचें चित्त मुलाच्या मृत्यूनंतर कायमचें बिघडलें होतें. शेजारच्या खोलींत त्या बाईंचा आक्रोश चालू आहे आणि इकडे पति भाषांतराच्या कागदांवर वाकलेला आहे, असें तें घर होतें. 1807 च्या डिसेंबरांत त्या सुटल्या. केरींच्या मुलांकडे लक्ष द्यावयास बापास सवड नव्हती. तें काम पुष्कळसें वॉर्ड आणि हॅना मार्शमन यांनीं केलें. डॉरोथीबाईंच्या वांट्याला त्या सामाईक घरांतून कितीसें सुख आलें असेल, याचा विचार केरींच्या चरित्रकारांनीं फार थोडा केला आहे. अशा घरांत मनांतलें मनांत ठेवून चाललें नसतें.

आतां तिजोरीकडे वळूं. 1801 सालीं केरी यांना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत दरमहा 500 रुपयांची जागा मिळाली. 1807 मध्यें ते प्राध्यापक झाले तेव्हां पगार 1000 रुपये झाला. आठवड्यांतले कांहीं दिवस ते नावेनें कलकत्त्यास जात आणि शुक्रवारीं संध्याकाळीं परत येत, म्हणजे शनिवारीं घरीं असत. मार्शमन पतिपत्नींनीं वसतिगृहासह शाळा काढली, तिचें उत्पन्न चांगलें होतें. वॉर्ड यांच्या हाताखालीं छापखाना चाले. हा सगळा पैसा एकाच पेटींत पडे. ज्यानें सर्वांत अधिक मिळविलें त्यासही निर्वाहापुरतेंच परत मिळे. कॉलेजांत जावयाचें म्हणून केरींना कपड्यांसाठीं थोडी अधिक रक्कम मंजूर झाली होती, एवढाच काय तो भेद.

7 ऑक्टोबर 1805 रोजीं या मंडळींनीं आपलीं तत्त्वें एका करारनाम्यांत लिहून काढलीं. तो दरवर्षीं जानेवारी, मे व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारीं प्रत्येक ठाण्यावर मोठ्यानें वाचावयाचा, असें ठरलें. त्यांतल्या धर्मप्रसाराच्या भागाविषयीं आपल्यांतल्या पुष्कळांचें मत भिन्न असेल; माझेंही आहे. पण कांहीं कलमें अशीं आहेत कीं, राज्यकर्त्यांच्या वर्णाच्या माणसांनीं तीं त्या काळांत लिहिलीं, याचें नवल वाटतें. या देशांतल्या लोकांचें मन कसें चालतें तें त्यांच्याशीं बोलून शिकावें. त्यांना दुखविणाऱ्या इंग्रजी रीति सोडाव्या. त्यांच्या देवतांविषयीं कडवटपणें बोलूं नये, मूर्तींना हात लावूं नये, चाललेल्या पूजेंत अडथळा आणूं नये. त्यांना आपल्या बरोबरीचें मानावें. मंडळ्यांचे पाळक पुढें याच देशांतले व्हावे. शेवटीं असें कीं, आपला वेळ, आपली शक्ति, आपलें कुटुंब, इतकेंच काय पण अंगावरचे कपडेही आपले स्वतःचे आहेत असें समजूं नये.

त्यांतलेंच एक कलम नांवांविषयीं आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून मनुष्याचें नांव बदलण्याची गरज नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. आधार दिला तो बायबलचाच: पहिल्या ख्रिस्ती लोकांत अपुल्लोस, हर्मेस अशीं नांवें आहेत, तीं जुन्या देवांच्या नांवांवरून आलेलीं, आणि प्रेषितांनीं तीं बदललीं नाहींत. आपल्याकडे बाबा पदमनजी किंवा नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती झाल्यावर आपलीं नांवें ठेवलीं, हें आपणांस ठाऊक आहेच.

कागदावरचीं कलमें व्यवहारांत उतरलीं काय? 28 डिसेंबर 1800 रोजीं हुगळींत बाप्तिस्मा घेणारा पहिला हिंदु कृष्ण पाल हा सुतार होता. निखळलेला हात डॉक्टर टॉमस यांनीं बसवून दिला, तेथून त्याची ओळख झाली. मिशनऱ्यांच्या पंगतीस तो उघडपणें जेवला म्हणून त्याच्यावर मोठा जमाव चालून आला होता. 1803 मध्यें कृष्णप्रसाद नांवाच्या ब्राह्मणानें, बाप्तिस्मा घेतल्यावर, याच सुताराच्या मुलीशीं लग्न केलें आणि मंडळी त्यांच्या लग्नाच्या जेवणास बसली. त्याच वर्षीं गोकुळ नांवाचा एक सभासद वारला. तोंवर ख्रिस्ती लोकांचीं प्रेतें भाडोत्री माणसें नेत असत. गोकुळाची पेटी मात्र मार्शमन, केरींचा वडील मुलगा फेलिक्स, भैरव नांवाचा पूर्वाश्रमीचा ब्राह्मण आणि पीरू नांवाचा पूर्वाश्रमीचा मुसलमान, या चौघांनीं खांद्यावर घेऊन रस्त्यांतून नेली. आपल्याकडे खांदा कोणी द्यावयाचा, यावर केवढे तंटे होतात हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चार नांवांचा अर्थ मीं उकलून सांगावयास नको.

परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या करारनाम्याखालीं नऊ सह्या आहेत आणि नवही गोरे पुरुष आहेत. कृष्ण पालाची सही नाहीं. वर्षानुवर्षें शाळा चालवून तिजोरी भरणाऱ्या हॅनाबाईंचीही नाहीं.

आपल्या मराठीचा प्रश्न येथेंच येतो. कॉलेजांत मराठी शिकविण्याचें कामही केरींकडे आलें. ही भाषा त्यांना शिकविणारे, आणि त्यांच्या पुस्तकांस खरोखर आकार देणारे, पंडित वैजनाथशर्मा हे नागपूरकडचे होते. करारनामा झाला त्याच 1805 सालीं सेरामपुरास केरींचें मराठी व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचें मराठी भाषांतर, हीं दोन्ही छापून निघालीं. 1810 मध्यें मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यांतले मराठी शब्द मोडी खिळ्यांनीं छापलेले आहेत. 1811 मध्यें नवा करार पूर्ण झाला. त्यानंतर सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, राजा प्रतापादित्याचें चरित्र. पारोळ्याच्या खातेवह्यांत बोरूनें धांवणारी जी लिपि मीं पाहिली, ती शिशाच्या खिळ्यांत बसविली गेली ती बंगाल्यांत, बंगाली कारागिरांच्या हातून! कोशाच्या प्रस्तावनेंत केरींनीं पंडितांच्या साहाय्याचा उल्लेख केला आहे. तेवढें ऋण त्यांनीं लपविलें नाहीं.

ही मराठी उत्तम होती असें मात्र मी म्हणणार नाहीं. तिच्यावर नागपुरी वळण आहे. 1813 मध्यें अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. त्यांना ती इकडच्या लोकांच्या उपयोगाची वाटली नाहीं, आणि त्यांनीं भाषांतर पुन्हां मुळापासून केलें. वैजनाथपंडित पगारी नोकर होते. त्या सामाईक पंगतींत ते बसले नाहींत. बसण्याची त्यांची इच्छा असण्याचेंही कारण नव्हतें. मराठी मुद्रणाच्या आरंभीचा इतका मोठा वाटा ज्याचा, त्या मनुष्याचें चित्र नाहीं, चरित्र नाहीं. गोऱ्यांच्या प्रस्तावनेंतला एक उल्लेख तेवढा आहे.

11 मार्च 1812 च्या रात्रीं छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, कित्येक हस्तलिखितें गेलीं. सुमारें 70,000 रुपयांचें नुकसान झालें. खिळे पाडण्याचे साचे राखेंत शाबूत सांपडले, आणि कामगारांनीं पुन्हां खिळे पाडावयास आरंभ केला. आगीनें तें घर मोडलें नाहीं.

तें मोडलें माणसांनीं. पुढें इंग्लंडाहून तरुण मिशनरी आले. त्यांत केरींचे पुतणे यूस्टेसही होते. म्हाताऱ्यांनीं ठरविलेले नियम त्यांना जड वाटूं लागले, विशेषतः मार्शमन यांचा कारभार. 1817 च्या सुमारास त्यांनीं कलकत्त्यास आपली निराळी चूल मांडली. तिकडे इंग्लंडांतल्या सोसायटीचे जुने चिटणीस फुलर 1815 मध्यें वारले. नव्या चालकांनीं विचारलें, सेरामपूरच्या इमारती कोणाच्या? यांनीं उत्तर दिलें, आमच्या श्रमाच्या पैशानें उभ्या राहिल्या, पण आमच्या नव्हेत, कार्याच्या आहेत. तें उत्तर प्रामाणिक होतें. परंतु कागदोपत्रीं भांडणाऱ्याला तें पटेना. 1827 मध्यें सोसायटी व सेरामपूर विभक्त झालीं. वॉर्ड 1823 मध्यें पटकीनें गेले होतेच. केरी 1834 मध्यें वारले, मार्शमन 1837 च्या डिसेंबरांत. आणि त्याच 1837 सालीं दोन्ही बाजूंचा समेट झाला.

शनिवारची बैठक समोरासमोर बसलेल्यांचीं मनें जुळवूं शकली. सहा महिन्यांच्या टपालापलीकडे बसलेल्या माणसांसाठीं तिचा उपयोग नव्हता. आणि जे पहिल्या बैठकीस नव्हतेच, त्यांना ती वडिलांची न्यायसभा वाटली असावी. आमच्या घरीं तशी बैठक असती तरी धाकट्या चुलत्यांस ती तशीच वाटली असती काय, हें मी आतां ठरवूं शकत नाहीं.

त्या घराशीं संबंध असलेला एक मनुष्य मात्र या सर्व घडामोडींत आपल्या जागीं बसून होता. पंचानन कर्मकार या लोहाराचा जांवई मनोहर. सासऱ्यानें सेरामपुरास अक्षरें कोरण्याची कला आणली. त्याच्यामागें मनोहरानें चाळीसांहून अधिक वर्षें पूर्वेकडील भाषांच्या खिळ्यांचे सुबक संच घडविले. तो हिंदूच राहिला. मूर्तीस हात लावूं नये, पूजेंत अडथळा आणूं नये, हें कलम लिहिणारे तिघेही गेल्यावर, 1839 मध्यें एका नव्या तरुण मिशनऱ्यानें त्याला पाहिलें. भिंतीवर त्याच्या आवडत्या देवाची मूर्ति होती, आणि तिच्याखालीं मांडी घालून मनोहर बायबलाचे खिळे पाडीत बसला होता.