सालई आणि तिचा डिंक

सातपुड्याच्या ज्या खडकाळ उतरणीवर सागाचीही वाढ खुरटते, तेथे ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असलेला आणि करड्या-हिरवट सालीचे कागदासारखे पापुद्रे अंगावरून सोडणारा जो वृक्ष दृष्टीस पडतो, तो सालई होय. अरबस्तानातील प्रख्यात लोबानवृक्षाशी तिचे कुळ एकच. आयुर्वेदात ती शल्लकी म्हणून विश्रुत आहे.

पावसाळा सरल्यावर खोडावरची साल पातळशी खरवडली, की तेथून राळमिश्रित डिंक सावकाश पाझरू लागतो. तो बांबूच्या टोपल्यांत ठेवून त्यातील पातळ द्रव निथळू देतात, आणि मागे उरलेला घट्ट भाग वाळवून, फोडून व प्रतवारी लावून बाजारात धाडतात. हा डिंक धुपासाठी जाळतात, वैद्य तो संधिवातावर योजतात, आणि त्यातील बॉस्वेलिक आम्लांचा दाहशामक गुण प्रयोगशाळांतही आढळून आला आहे.

स्वतंत्र भारताने मात्र सालईची मातब्बरी ओळखली ती निराळ्याच कारणासाठी: बुऱ्हाणपूरनजीक नेपानगर येथे 1956 साली राष्ट्रार्पण झालेल्या कागद गिरणीत वर्तमानपत्री कागदाकरिता तिच्या लाकडाचा लगदा होऊ लागला. सुगंधी औषधी वृक्षाचा हा विनियोग आम्हांस तरी उधळपट्टीचाच वाटतो.

जंगल खात्याच्या दप्तरी सालईचा डिंक गौण वनोपजात मोडतो; परंतु घाव खोल गेल्यास, अथवा एकाच खोडावर विसाव्यावाचून वारंवार पडल्यास, झाड खंगते. सबब डिंक काढणाऱ्यांनी कोवळी झाडे वगळावी आणि एकदा खरवडलेल्या खोडास काही वर्षे उसंत द्यावी, एवढीच विनंती.