कुष्ठरोग : शरीराचा आणि समाजाचा



मी डॉक्टर नाही. बँकेत काउंटरवर बसणारा कारकून आहे. परंतु ज्या रोगापेक्षा त्याची भीतीच समाजात जास्त पसरली, त्याविषयी चार गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, तो आनुवंशिकही नाही. १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी त्याचे जंतू शोधून काढले. हे जंतू फार सावकाश वाढतात. लक्षणे दिसायला सरासरी ५, कधी २० वर्षेही लागतात. त्यांना शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून त्वचा आणि तिच्याजवळून जाणारे मज्जातंतू यांवर त्यांचा घाला पडतो.

'बोटे झडतात' असे आपण म्हणतो. पण बोटे झडत नाहीत. मज्जातंतू निकामी झाला की वेदना कळेनाशी होते. चुलीवरचे भांडे हाताला भाजते, चपलेतला खिळा टोचतो, आणि कळत काहीच नाही. जखम चिघळते, हाड झिजते, बोट आखूड होते. कोपराजवळचा तंतू बिघडला तर करंगळी व अनामिका वाकतात. गुडघ्याजवळचा बिघडला तर पाऊल लोंबते. चेहऱ्याचा बिघडला तर पापणी मिटत नाही आणि डोळा धोक्यात येतो. वेदना ही शरीराची राखणदार आहे, ती गेली की घर उघडे पडते.

पांढरे कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा हे याचे लक्षण आहे. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने ६ ते १२ महिन्यांत रोग बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मात्र गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून चट्टा लपवणारा माणूस केवळ रोग लपवत नाही, तो आपली बोटे गहाण टाकतो.

आणि तो लपवतो कोणामुळे? तुमच्या-आमच्यामुळे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन फुलवले, ते गावाने दारे बंद केली म्हणूनच. १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये, अशी दुरुस्ती २०१९ साली झाली. कायदा सुधारला, मने मागे राहिली.

माझ्या टेबलापुरते बोलतो. अंगठा उठत नाही म्हणून खातेदाराला परत पाठवता येत नाही. पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा साधी खूण, दोन साक्षीदारांसमक्ष, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत चालते. नियम आहे; तो काढून वाचणारा माणूस हवा.

विद्यार्थी मित्रांनो, घरी जाऊन एवढेच करा. कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याच्यापासून दूर सरकू नका. त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.