संयुगांचे नाव-गाव



नीरेत पादुकांना स्नान घालून माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातला आपला पहिला मुक्काम ज्या गावी करते, आणि ज्याच्या बाजारपेठेचे नाव कांद्याच्या व्यापाऱ्यांत सर्वतोमुखी आहे, त्या लोणंदमध्ये अध्यक्षपदावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. विषय संयुगांच्या नामकरणाचा आहे, आणि त्याचा आरंभ गावच्या कांद्यापासूनच करण्याचा मोह मला आवरत नाही.

कांदा अखंड असतो तोवर निरुपद्रवी असतो. सुरी चालली की फुटलेल्या पेशींतील एक विकर त्यातल्या गंधकयुक्त द्रव्याचे विघटन करते आणि एक अल्पायुषी सल्फेनिक आम्ल निपजते. मग दुसरे विकर, ज्याचा छडा जपानी संशोधकांनी २००२ साली लावला, त्याच आम्लातील अणूंची मांडणी फिरवून प्रोपेनथायाल-एस-ऑक्साइड बनवते, आणि हेच डोळ्यांतून धारा काढते. आता दोघांची रेणुसूत्रे लिहा: कर्बाचे ३ अणू, हायड्रोजनचे ६, प्राणवायूचा १, गंधकाचा १. दोन्ही सूत्रे तंतोतंत एक. परंतु रडवणारे द्रव्य त्यातले एकच! केवळ रेणुसूत्र हाती देऊन विद्यार्थ्याला मोकळे करणाऱ्या अध्यापकाने हा दाखला ध्यानी धरावा. सूत्र ही शिरगणती आहे. कोण कोणाच्या शेजारी बसला आहे, हे सांगण्याचे काम नावाचे.

ते काम नावाने करावे, हा आग्रह तसा अर्वाचीन आहे. १७८७ मध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्रुआ या चौघा फ्रेंच पंडितांनी नावावरून घटक कळावेत अशी पद्धती सिद्ध केली. त्यापूर्वीची नावे रंगावरून, गावावरून किंवा वैद्याच्या लहरीवरून पडलेली असत. बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास लॅटिन नावांची आद्याक्षरे घेऊन चिन्हे बसवली, आणि म्हणूनच सोडियमचे चिन्ह 'नेट्रियम'वरून आले; ते इंग्रज विद्यार्थ्यालाही आपल्या विद्यार्थ्याइतकेच परके वाटते. चिन्हांच्या बाबतीत आपण वाद घालू नये. ती सर्व मुलखांत चालणारी नाणी आहेत.

वाद आहे तो नावांचा, आणि त्यात मराठीने मान खाली घालण्याचे कारण नाही. लाव्हाझिएने 'ऑक्सिजन' हे नाव 'आम्ल उत्पन्न करणारा' या अर्थाने योजले. परंतु मिठाच्या तेजाबात या वायूचा लवलेश नसल्याचे डेव्हीने १८१० मध्ये दाखवले, आणि ते नाव जन्मभराची चूक कपाळी घेऊन वावरत राहिले. आपला 'प्राणवायू' मात्र खोटे बोलत नाही. उलट डॉक्टर रघुवीरांनी कर्बास 'प्रांगार' आणि प्राणवायूस 'जारक' म्हणून 'प्रांगार द्विजारेय' अशी जी संस्कृत घडण केली, ती लोकांच्या जिभेवर रुळली नाही. तिची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यात सामील होणार नाही, कारण त्या नावांत एक मोठा गुण होता: व्याकरण जाणणाऱ्यास समासाचा विग्रह करावा तसे नावातून सूत्र सोडवता येत असे. पाठांतराने आलेल्या आजच्या लिप्यंतरित नावांतून कितीजणांना ते सोडवता येते, याची तपासणी आपण आपापल्या वर्गात करावी.

आणि बाजाराची नावे? मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, तुरटी, सोरा: ही दफ्तरात न चढलेली, पण पिढ्यान् पिढ्यांच्या वहिवाटीने सिद्ध झालेली नावे. संस्कृतात मोरचुदास 'शिखिग्रीव' म्हणतात. मोराच्या मानेचा तो निळा रंग ज्याने प्रथम टिपला, त्याला रसायनाची नजर होतीच. तासगावचा द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी घेतो. हाच हिशेब सूत्राशिवाय कसा फसतो पहा. कळीच्या चुन्याचे ५६ भार १८ भार पाणी पिऊन विरलेल्या चुन्याचे ७४ भार होतात. म्हणजे पिशवीत विरलेला चुना असेल तर त्याच कामास सुमारे १ किलो ३२० ग्रॅम लागेल. बागाईतदार दोघांनाही 'चुना'च म्हणतो. एकास कॅल्शियम ऑक्साइड आणि दुसऱ्यास कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणणे ही शहाणपणाची मिजास नसून तराजूची गरज आहे. मोरचुदाच्या दर २५० भारांतही सुमारे ९० भार पाणीच असते. ते हाकलले की निळेपण जाऊन पांढरी भुकटी उरते. संयुजांचा तिरकस गुणाकार घोकलेला मुलगा त्या पाच रेणू पाण्याविषयी अवाक्षर काढत नाही, कारण त्याला मोरचूद तापवून कोणी दाखवलेलेच नसते. परीक्षानळी नसेल तर पळी चालते. मात्र ती पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी तपासलेल्या एका उत्तरपत्रिकेत पोटॅश अ‍ॅलमचे सूत्र विचारले होते, आणि परीक्षार्थ्याने लिहिले होते, "तुरटी. गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसतो." मी लाल शाईने शून्य दिले आणि पुढचे पान उलटले. पदार्थ त्याने ओळखला होता, त्याचा गुणधर्म स्वतःच्या भाषेत सांगितला होता; राहिले होते ते पोटॅशियमचा एक अणू, अ‍ॅल्युमिनियमचा एक, दोन सल्फेट मूलके आणि पाण्याचे बारा रेणू. आज तो कागद पुन्हा हाती आला, तर अर्धा गुण मी निःसंकोच देईन. उरलेला अर्धा त्या बारा रेणूंसाठी राखून ठेवीन.