शिळेचा दाखला



आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यपरंपरेचा विचार निघाला की मन साहजिकच 1616 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणाकडे व त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे वळते. परभूमीतून आलेल्या मनुष्याने आपली भाषा इतक्या प्रेमाने आत्मसात केली याचा अभिमान आपण यथायोग्य बाळगतो. परंतु परक्याची भाषा शिकण्याच्या तपश्चर्येतून एकदा काव्य निर्माण झाले, तसा एकदा कायदाही निर्माण झाला, आणि आज मी आपणांस त्या दुसऱ्या कथेकडे, छोटानागपूरच्या डोंगराळ मुलखात नेऊ इच्छितो.

त्या मुलखातील मुंडा लोकांची जमीनव्यवस्था खुंटकट्टी या नावाने ओळखली जाते. ज्या कुळाच्या पूर्वजांनी अरण्य तोडून गाव वसविले, त्या कुळाचे वंशज त्या गावाचे सामाईक धनी, असा तिचा साधा आणि प्राचीन न्याय. मृतांच्या अस्थींवर ठेवलेल्या प्रचंड शिळा, ज्यांना मुंडारीत सासनदिरी म्हणतात, हाच त्यांच्या मालकीचा दाखला होता. पुढे बाहेरून जहागीरदार आले, ठेकेदार आले, सावकार आले. वंशपरंपरागत धनी होते ते कुळे ठरले, त्यांच्यावर खंड बसला आणि बेठबेगारी लादली गेली. आणि दाद मागावयास ते कचेरीत गेले, तेव्हा कचेरीने शिळा पाहिली नाही, कागद मागितला. ज्याच्याजवळ सनद नाही व ज्याची भाषा न्यायासनावर बसलेल्या कोणालाही समजत नाही, त्याचा न्याय तेथेच संपला.

1845 मध्ये जर्मनीतील गोस्नर मिशनचे लोक रांचीस आले व त्यांनी शाळा घातल्या. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1885 मध्ये, कॉन्स्टंट लीव्हन्स हा बेल्जियन जेझुइट धर्मगुरू तोरपा येथे येऊन राहिला, आणि आपल्याकडे येणाऱ्या माणसांना प्रथम काय हवे आहे हे त्याने ओळखले. त्यांना हवा होता जमिनीच्या कज्ज्यांत आपली बाजू मांडणारा माणूस. म्हणून त्याने कुळकायद्याचा अभ्यास केला, खंडाच्या पावत्या तपासल्या, गरिबांचे दावे उभे केले. श्रमाने व क्षयाने खचून 1892 मध्ये तो मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी निवर्तला.

तथापि ही कथा केवळ कृतज्ञतेची आहे असे मी म्हणालो, तर ते सत्याला धरून होणार नाही. बिरसा मुंडा हा चाईबासाच्या मिशनशाळेत शिकलेला मुलगा. तो मिशनपासून दूर गेला आणि त्याने आपल्या लोकांना सांगितले की ही भूमी आपली आहे. 1899 च्या नाताळाच्या पूर्वसंध्येला त्याच्या अनुयायांनी ज्या ख्रिस्ती ठाण्यांवर बाण सोडले, त्यांत सरवदा हे ठाणेही होते, आणि तेथे फादर जॉन हॉफमन राहत होता. 9 जून 1900 रोजी रांचीच्या तुरुंगात बिरसाचा अंत झाला. त्या उठावाविषयी हॉफमनला ममत्व नव्हते, उलट तीव्र विरोध होता. परंतु तो बाण कोणत्या दुःखातून सुटला हे ज्यांना नेमके ठाऊक होते, अशा थोड्या परकीयांपैकी तो एक होता, कारण मुंडारी भाषा त्याने मुंडांच्या तोंडून शिकली होती आणि त्या भाषेत जमीन, कूळ व पूर्वज हे विषय वेगळे काढता येत नाहीत हे त्याला उमगले होते.

1903 मध्ये त्याचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास त्या मुलखात सरकारी मोजणी व हक्कनोंदणी चालू होती, आणि खुंटकट्टीचे खरे स्वरूप महसूल अधिकाऱ्यांना समजावून देण्यात व नव्या कायद्याची मांडणी सिद्ध करण्यात हॉफमनचा मोठा वाटा होता. 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्याने मुंडांच्या खुंटकट्टी हक्कास मान्यता दिली व रयतेच्या जमिनी परक्यांच्या हाती जाण्यावर निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी हॉफमनने सावकारी पाशातून सुटण्यासाठी सहकारी पतपेढी काढली. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, जर्मन म्हणून त्याला या देशातून जावे लागले. पण मायदेशीही तो मुंडारी कोशाचेच काम करीत राहिला आणि 1928 मध्ये वारला. मेनस ओडेया यांच्यासारख्या मुंडा सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला तो ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’ 1930 पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागला.

पतपेढी आणि कायदा या हॉफमनच्या दोन कार्यांतील एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. पतपेढी कॅथलिकांची होती. कायदा सर्वांचा होता. सरना या पवित्र वनराईत पूजा करणारा मुंडा, बाप्तिस्मा घेतलेला मुंडा आणि बिरसाला देव मानणारा मुंडा या तिघांच्याही शेताला कायद्याने सारखाच आधार दिला. जी सेवा करताना बाप्तिस्म्याची नोंदवही उघडून पाहावी लागत नाही, ती सेवा मला ख्रिस्ताच्या अधिक जवळची वाटते, आणि आपल्या मिशनकार्याच्या इतिहासाचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे.

बंधुभगिनींनो, ही कथा दूरची असली तरी तिचे कर्तव्य आपल्या दाराशी उभे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातील वृद्धांची लेखी साक्ष पुरावा म्हणून मान्य केली आहे, आणि सामूहिक हक्कांसाठी देवराया व दफनभूमीही पुरावा म्हणून स्वीकारल्या आहेत. म्हणजे ज्या शिळेला त्या काळच्या कचेरीने दाखला मानले नाही, तिच्या साक्षीला आता जागा आहे. परंतु ती साक्ष कोणीतरी ऐकावी लागते, त्या वृद्धाच्याच शब्दांत टिपावी लागते आणि कचेरीला समजेल अशा भाषेत लिहून द्यावी लागते. डहाणू-जव्हारचा वारली, रायगडचा कातकरी, सातपुड्यातील भिल्ल, भामरागडचा माडिया यांच्या बोली आपल्यापैकी किती जणांना येतात? आपण लेखक आहोत. ऐकणे आणि लिहिणे हाच आपला व्यवसाय आहे. म्हणून माझी आपणांस कळकळीची विनंती आहे की या ख्रिस्ती साहित्य संमेलनातून परतताना प्रत्येकाने यांपैकी एक बोली शिकण्याचा संकल्प करावा, आणि त्या बोलीतील आपले पहिले लेखन एखाद्या वृद्धाची त्याच्या जमिनीविषयीची साक्ष हे असावे.