बेकारीचा भत्ता आणि हातातील कसब
(वार्षिक संमेलनातील भाषण)



बेकारीचा भत्ता म्हटला की प्रथम शंका येते ती आळसाची. बसून खावयास मिळाले तर काम कोण करील? ही शंका अगदीच निराधार नाही. भत्त्याची मुदत वाढली की बेकारीचा काळही काहीसा लांबतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. परंतु त्या लांबलेल्या दिवसांत मनुष्य काय करतो, हा खरा प्रश्न होय.

मुंबईकडे पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी-संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. साचेखात्यात उभे आयुष्य घालविलेले कित्येक विणकर पहारेकरी झाले, फेरीवाले झाले; कित्येकांनी कोकणची वाट धरली. चूल थांबावयास तयार नव्हती, म्हणून जे प्रथम मिळाले ते त्यांनी पत्करले. त्यात वर्षानुवर्षांचे कसब मातीमोल झाले. ती हानी एकट्या कामगाराची नव्हे, साऱ्या समाजाची होती.

याउलट डेन्मार्क पाहा. तेथे कामगारास कमी करणे मालकास सोपे आहे. परंतु बेकारी-निधीच्या अल्पवेतनी सभासदास पूर्वीच्या वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता मिळतो. मुदत सामान्यतः दोन वर्षांची. त्याबरोबर काम शोधण्याचे व प्रसंगी नवे शिक्षण घेण्याचे बंधनही येते. त्यामुळे धंदा बदलण्याची धास्ती पुष्कळ कमी होते.

आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली विमेदारास सरासरी वेतनाच्या चतुर्थांशाइतका भत्ता ९० दिवसांपर्यंत देऊ केला. २०२० साली तो निम्म्यावर नेला. त्याच वर्षीच्या औद्योगिक संबंध संहितेत, कमी केलेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे, अशी तरतूद आहे. आरंभ स्वागतार्ह आहे. परंतु असंघटित कामगार या छत्राबाहेरच आहेत.

बंधुभगिनींनो, भत्ता उसंत देतो; त्या उसंतीत शिक्षण नसेल तर कसबाला गंज चढतो. आपली संस्था विद्यार्थ्यांस साहाय्य करते. पण घरचा कर्ता बेकार झाला की विद्यार्थ्याचेच शिक्षण आधी थांबते. म्हणून नवे काम शिकणाऱ्या बेकार सभासदास तीन महिन्यांपुरते बिनव्याजी कर्ज द्यावे, अशी माझी सूचना आहे. तिचा कार्यकारी मंडळाने विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.